मिरची, मरिची आणि मेक इन्स्टॉल

लिनक्सवर एखादी लायब्ररी सोर्स कोडपासून इन्स्टॉल कशी करतात असं ओरलला विचारलं, की आपण सगळे एका सुरात तीन कमांड म्हणून दाखवतो. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. एवढ्यावर मार्कही मिळतात. मीही हे मंत्र पाठ करूनच पास झालो. पण त्या तीन शब्दांत नेमकं काय होतं हे मला कळलं ते लॅबमध्ये नाही. कळलं ते मंडईतल्या भाजीच्या हिशेबामुळे, आणि कळायला भाग पाडलं आपल्या मेसच्या मामांनी.

लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करायच्या.

प्रकरण सुरू कुठून झालं

आपली मेस ५६ जणांची. एवढ्याशा मेससाठी कोणी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जात नाही. मामा रोज सकाळी पिशव्या घेऊन मंडईत जातात आणि त्या महिन्याचा मेस सेक्रेटरी डोळे चोळत त्यांच्या मागून. ती अष्टकोनी दगडी इमारत १८८६ साली रे मार्केट या नावाने सुरू झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे मंडईला नाव मिळालं ते त्यांचंच. खर्चाचा जाब विचारणाऱ्याच्या नावाच्या बाजारातून आमची भाजी येते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. नंतर मात्र बरेचदा आठवलं.

गेल्या वर्षी मी सेक्रेटरी होतो त्या महिन्यात मेसचं बिल माणशी ९० रुपयांनी वाढलं. मीटिंग झाली. कोणीतरी मागच्या रांगेतून म्हणालं, "भाजी कोण आणतं ते बघा की!" मामा दारातच उभे होते. ते काही बोलले नाहीत. हिशेब माझ्या लॅपटॉपवर, इंग्रजीत, चौदा कॉलमच्या शीटमध्ये होता. मामांना मराठी उत्तम वाचता येतं, इंग्रजी येत नाही. महिनाअखेरीला मी दाखवीन तिथे ते सही करायचे. त्या मीटिंगमध्ये मी "हिशेब बरोबर आहे, आकडे तेच आहेत" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. मामांच्या बाजूने बोललो नाही. हे इथे लिहायला लाज वाटते, पण लेखाचं मूळ तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी मंडईत मामा फक्त एवढं म्हणाले, "तू जे लिहितोस ते मला वाचता आलं असतं, तर मी काल बोललो असतो."

म्हणून ठरवलं की एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. मोठ्या अक्षरात भाज्यांची नावं, शेजारी वजन आणि भाव, खाली बेरीज. मामांनी स्वतः भरायचं, रोज संध्याकाळी वाचायचं आणि सही करायची.

एफएलटीकेच का

मेसमधला संगणक सगळ्यांना माहीत आहे. त्याची मेमरी एक जीबी, आणि त्याच्यावर ऑफिसचं मोठं पॅकेज उघडलं की पोळ्या होईपर्यंत वाट बघायची. त्याच्यासाठी हलकी ग्राफिकल लायब्ररी हवी होती. एफएलटीके ही सी प्लस प्लसमधली अशी लायब्ररी आहे. बिल स्पिट्झॅक यांनी ती सुरू केली. तिचं नाव एकेक अक्षर न म्हणता 'फुलटिक' असं उच्चारतात. खिडकी, बटण, लिहायचा चौकोन, यादी एवढं सगळं तिच्यात आहे आणि आकार लहान. सोर्सपासून बांधली तर नेहमीच्या पद्धतीत ती स्टॅटिक तयार होते, म्हणजे लायब्ररीतला लागेल तेवढा भाग प्रोग्रॅमच्या पोटातच जातो.

यंत्रावर डेबियन होतं. पॅकेज मॅनेजरमधून एफएलटीकेची १.३ मालिका एका कमांडमध्ये आली. दोन रात्रीत प्रोग्रॅम झाला. सकाळी मामांना बोलावून दाखवला. कांदा, बटाटा, भेंडी, मेथी, शेपू, सगळं व्यवस्थित. मग मामा थांबले.

"हे मरिची काय आहे?"

पडद्यावर खरंच 'मिरची'ची 'मरिची' झाली होती. लिंबाची वेलांटी 'ल' सोडून 'ब'ला जाऊन चिकटली होती. फ्लॉवरमधल्या 'फ'खाली पाय मोडलेला आणि 'ल' वेगळाच उभा. कढीपत्त्याचेही तेच हाल. सगळ्यांत वाईट म्हणजे 'किलो' हा शब्द प्रत्येक ओळीत होता आणि प्रत्येक ओळीत मोडला होता. मामा हसले, पण चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "असलं वाचून सही करायची म्हणजे पुन्हा तुझ्याच भरवशावर."

वेलांटी का सरकते

इथे थोडा अभ्यास करावा लागला. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा गट आहे. त्याची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावर बेतलेली आहे. 'मि' असं एक अक्षर त्यात नाही. आधी 'म'चा क्रमांक, नंतर ऱ्हस्व वेलांटीचा. म्हणजे साठवण्याचा क्रम हा उच्चाराचा क्रम. पण लिहिताना वेलांटी 'म'च्या आधी येते. साठवलेल्या क्रमावरून दिसणारं अक्षर घडवणं हे वेगळं काम आहे. त्याला शेपिंग म्हणतात.

एफएलटीके १.३ लिनक्सवर एक्स-एफटी नावाच्या लायब्ररीकडून अक्षरं काढून घेते. ती एकेका क्रमांकाचं चित्र उचलून ओळीने ठेवते. शेपिंग करत नाही. इंग्रजीला ते पुरतं. मराठीत 'म'चं चित्र, त्याच्यापुढे वेलांटीचं चित्र, मग 'र'. आपला डोळा ती वेलांटी पुढच्या 'र'ला लावतो आणि वाचतो 'मरिची'. ज्या भाज्यांच्या नावात ऱ्हस्व वेलांटी किंवा जोडाक्षर नाही, त्या वाचल्या. कांदा-बटाटा सुखरूप आणि कोथिंबीर-पुदिना मोडलेले, यामागे एवढंच कारण.

शेपिंगचं काम लिनक्सवर हार्फबझ करते. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं. तिच्यावर बसलेली लायब्ररी म्हणजे पँगो. ग्रीकमधला 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानीतला 'गो' म्हणजे भाषा, म्हणून पँगो. जीटीकेमध्ये २००२ सालच्या २.० आवृत्तीपासून मजकूर पँगोमार्फत जातो, म्हणून जीटीकेच्या प्रोग्रॅममध्ये मराठी नीट दिसतं. एफएलटीकेला पँगोची सोय मिळाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.४ आवृत्तीत. पण एक्सवर ही सोय आपोआप चालू नसते. लायब्ररी बांधतानाच मागावी लागते.

म्हणजे माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. फॉन्टही बरोबर होता, लोहित देवनागरी. 'मिरची' हवी असेल तर लायब्ररी स्वतः बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आधी तयारी

पहिला प्रश्न, बांधायची कुठे? माझा लॅपटॉप वेगवान, पण तिथे बांधलेला प्रोग्रॅम मेसच्या जुन्या सिस्टिमवर चालेलच असं नाही. नव्या यंत्रावरची जी-लिब-सी जुन्यापेक्षा पुढच्या आवृत्तीची असते आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच तक्रार करतो. साधा नियम असा, की जिथे चालवायचं तिथेच बांधा, किंवा त्याहून जुन्यावर.

दुसरी गोष्ट 'डेव्ह' पॅकेजची. हे न कळल्यामुळे माझे दोन तास गेले. कॉन्फिगर म्हणत होता की एक्स-इलेव्हन लायब्ररी सापडत नाही. समोर एक्सचाच पडदा दिसतोय आणि हा म्हणतो सापडत नाही! खरी गोष्ट अशी, की डेबियनमध्ये चालवायची लायब्ररी एका पॅकेजमध्ये असते आणि तिच्यावर आधारून नवीन काही बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली दुसऱ्यात. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं. आम्हाला लागली ती यादी अशी:

१. कंपायलर, मेक वगैरेसाठी 'बिल्ड-इसेन्शियल' आणि त्यासोबत 'पीकेजी-कॉन्फिग'.
२. एक्स-इलेव्हन, एक्स-एफटी, एक्स-कर्सर आणि एक्स-इनेरामा यांची डेव्ह पॅकेजं.
३. पँगोचं डेव्ह पॅकेज.

पँगोचं पॅकेज मागितलं की त्याच्यामागून हार्फबझ, कैरो, जी-लिब वगैरे मंडळी आपोआप येतात. एवढी सगळी कशाला असं वाटेल, पण वेलांटी जागेवर बसवायला ही सगळी वरात लागते.

कॉन्फिगर म्हणजे विचारपूस

एफएलटीके १.४ ची टार फाइल होम फोल्डरमध्ये उलगडली, आत गेलो आणि लिहिलं: डॉट-स्लॅश-कॉन्फिगर, जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि एनेबल-पँगो.

कॉन्फिगर काहीही बांधत नाही. तो यंत्राला प्रश्न विचारतो. कंपायलर आहे का? अमुक हेडर आहे का? तमुक फंक्शन चालतं का? उत्तरांवरून तो मेकसाठी सूचना तयार करतो. शेवटी एक गोषवारा छापतो. त्यात ग्राफिक्सची ओळ असते, चित्रांच्या लायब्ररी असतात, इन्स्टॉल कुठे होणार तो मार्ग असतो.

मित्रांनो, हा गोषवारा वाचा. आपण कोणीच वाचत नाही. पडद्यावरून शंभर ओळी सरकल्या आणि शेवटी एरर दिसली नाही, की आपण लगेच मेक ठोकतो. 'चूक नाही' आणि 'हवं ते मिळालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी मी पँगो न मागताच एकदा अख्खी लायब्ररी बांधली होती. सगळं बिनतक्रार झालं आणि पडद्यावर पुन्हा मरिची! ग्राफिक्सच्या ओळीत पँगोचं नाव नव्हतं, ते मी बघितलंच नव्हतं.

पर्याय बदलून पुन्हा कॉन्फिगर करायचं असेल तर आधी 'मेक क्लीन' करा. नाहीतर जुन्या पर्यायांनी बनलेल्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात आणि अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खिचडी होते.

लॅबच्या यंत्रांवर रूटचा पासवर्ड आपल्याकडे नसतो. तिथे कॉन्फिगरला प्रीफिक्सचा पर्याय देऊन होममधलाच एखादा फोल्डर सांगा. लायब्ररी तिथे बसते आणि लॅब असिस्टंट सरांना त्रास होत नाही.

ज्यांना सी-मेक येतं त्यांनी कॉन्फिगरऐवजी तेच वापरावं. एफएलटीकेचे निर्मातेही आता तिकडेच वळायला सांगतात. तिथे एफएलटीके-यूज-पँगो हा पर्याय ऑन करायचा. आणि ज्यांच्या यंत्रावर एक्सऐवजी वेलँड आहे आणि लायब्ररी वेलँडसाठी बांधली आहे, त्यांच्याकडे मजकूर पँगोच काढते. आमचं यंत्र जुनं आणि एक्सवालं, म्हणून हा खटाटोप.

मेक, आणि मग मेक इन्स्टॉल

मेक म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल. प्रोसेसरला दोन कोअर असतील तर मेकला 'जे दोन' सांगा, म्हणजे दोन फाइली एका वेळी होतात. मात्र मेमरी कमी असेल तर हाव धरू नका. मी 'जे चार' देऊन यंत्र गोठवून ठेवलं होतं आणि मामांना सकाळची यादी कागदावर लिहावी लागली. त्या कागदावर मिरची अगदी बरोबर लिहिली होती, हे त्यांनी मुद्दाम दाखवलं.

मेक संपल्यावर लगेच इन्स्टॉल करू नका. सोर्सच्या 'टेस्ट' फोल्डरमध्ये छोटे नमुना प्रोग्रॅम तयार झालेले असतात. त्यातला 'हॅलो' उघडा. त्याच्या कोडमध्ये 'हॅलो'च्या जागी 'हिरवी मिरची, कोथिंबीर, फ्लॉवर' लिहून पुन्हा मेक केलं. आणि काय सांगू, सगळी अक्षरं जागेवर! रात्रीचा दीड वाजला होता, मेसमध्ये मी एकटा आणि पडद्यावर हिरवी मिरची.

मग सुडो मेक इन्स्टॉल. ही कमांड फाइलींच्या प्रती योग्य जागी नेऊन ठेवते, बाकी काही नाही. हेडर, लायब्ररी आणि एफएलटीके-कॉन्फिग नावाची स्क्रिप्ट यूएसआर-लोकलखाली गेली. शेअर्ड लायब्ररी बांधली असेल तर नंतर एलडी-कॉन्फिग चालवावं लागतं. स्टॅटिकला गरज नाही. सोर्सचा फोल्डर पुसू नका, पुढे 'मेक अनइन्स्टॉल' करायला तोच लागतो.

आणि तरीही मरिची

मोठ्या रुबाबात माझा प्रोग्रॅम उघडला. मरिची!

इथे दोन गोष्टी शिकलो. पहिली, लायब्ररी बदलली म्हणून आधी बनलेला प्रोग्रॅम बदलत नाही. तो जुन्या लायब्ररीशी जोडलेला असतो. नव्याने कंपाइल आणि लिंक करावंच लागतं.

ते केलं. पुन्हा मरिची.

दुसरी गोष्ट शोधायला सकाळ झाली. आता यंत्रावर दोन एफएलटीके होत्या. एक डेबियनची, यूएसआरखाली. दुसरी माझी, यूएसआर-लोकलखाली. एफएलटीके-कॉन्फिग ही स्क्रिप्ट कंपायलरला हेडर आणि लायब्ररीचा पत्ता सांगते, आणि माझ्या मेकफाइलमध्ये मीच कधीतरी जुन्या स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग लिहून ठेवला होता. घर नवीन बांधलं आणि पत्र जुन्याच पत्त्यावर टाकत होतो. अशा वेळी 'व्हिच' कमांडने बघा की कुठली स्क्रिप्ट चालते आहे, आणि त्या स्क्रिप्टलाच 'व्हर्जन' विचारा. १.३ सांगितलं की समजा, पत्ता चुकला. मार्ग काढून टाकला, सगळ्या ऑब्जेक्ट फाइली पुसल्या, पुन्हा बांधलं.

मिरची.

मामांनी वाचलं तेव्हा

आता प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे बघायला हाताशी डेटा हवा होता. मी त्या भांडणाच्या महिन्याची इंग्रजी शीट घेतली, नावं मराठीत केली आणि महिन्याची बेरीज मामांपुढे ठेवली. ते एकेक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. कांदा इतका, बटाटा इतका, बरोबर. लसूण, बरोबर. मग बोट थांबलं.

"धणे ४२ किलो?"

मी म्हटलं, "हो, शीटमध्ये आहे. १४० रुपये भाव."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, ४२ किलो धणे वर्षात लागत नाहीत! त्या महिन्यात मी धणे आणलेच नव्हते."

शीटमध्ये मी 'धनिया' असा एकच कॉलम केला होता. मामा मंडईतून रोज कोथिंबिरीच्या जुड्या आणायचे आणि मी आकडा त्या कॉलममध्ये भरायचो. महिन्यात ४२ जुड्या. भाव मात्र मी किराणाच्या यादीतून उचलला, धण्यांचा. जुडी २० रुपयांची, धणे १४० रुपये किलो. प्रत्येक जुडीमागे १२० रुपये जास्त. ४२ गुणिले १२० म्हणजे ५,०४० रुपये. भागिले ५६ म्हणजे बरोबर ९० रुपये माणशी.

पैसे कुठे गेले नव्हते. मेसच्या खात्यातच जादा जमा पडले होते आणि कोणी ताळा केला नव्हता. पण मीटिंगमध्ये एका माणसाकडे बोट दाखवलं गेलं होतं, आणि ज्याची चूक होती तो "आकडे तेच आहेत" असं सांगून खाली बसला होता.

त्याच संध्याकाळी मेसच्या फळ्यावर मी हिशेब लिहिला, खाली 'चूक माझी' असं लिहून सही केली आणि रेक्टर सरांना दाखवलं. पुढच्या बिलातून प्रत्येकाचे ९० रुपये वजा झाले. मामांची माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "माफी राहू दे. कोथिंबीर आणि धणे वेगवेगळे लिही." आता प्रोग्रॅममध्ये ते वेगळे आहेत. कोथिंबिरीपुढे 'किलो' येतच नाही, 'जुडी' येतं.

जाता जाता

ज्यांना सोर्सवरून लायब्ररी बांधायची आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात: जिथे चालवायचं तिथे बांधा. डेव्ह पॅकेजं आधी टाका. कॉन्फिगरचा गोषवारा वाचा. इन्स्टॉल करण्यापूर्वी टेस्ट फोल्डरमध्ये आपल्या भाषेतला शब्द टाकून बघा. दोन आवृत्त्या असतील तर कुठली वापरली जाते ते विचारून घ्या. प्रोग्रॅम पुन्हा लिंक करा.

आणि तपासणीसाठी शब्द निवडताना 'कमल' किंवा 'बटाटा' निवडू नका. ते कुठल्याही लायब्ररीत बरोबरच दिसतात. 'मिरची' निवडा, 'फ्लॉवर' निवडा, 'कोथिंबीर' निवडा. आणि जमलं तर ज्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला आहे, त्याला शेजारी बसवून वाचायला सांगा.

प्रोग्रॅमचा सोर्स मेसच्या यंत्रावर 'पावती' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. पुढच्या सेक्रेटरीने तो जरूर उघडावा. मेकफाइलमध्ये पहिल्याच ओळीत मी एक कॉमेंट टाकून ठेवली आहे: मरिची दिसली तर आधी पत्ता तपासा.